तलावावरचा नाग आणि सुमीच्या मागाचा खड्डा

नागपूरच्या तलावावर बगीचा केला आणि त्यात सिमेंटचा मोठा नाग बसवला, हे उमरेडात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहिला मात्र कोणीच नव्हता. ज्याच्या त्याच्या तोंडी त्याची उंची वेगळी. कोणी म्हणे देवळाच्या कळसाएवढा, कोणी म्हणे डोळ्यांत दिवे बसवले आहेत, आणि आमच्या शेजारच्या गंगूबाई तर छातीला हात लावून सांगत की अमावास्येला तो हलतो. मी पाहून आले. हलत नाही. एवढं सांगून भागलं असतं तर लिहायला बसले नसते. पण गल्लीतल्या बायका अजून दारात अडवतात, आणि दर वेळी पहिल्यापासून सांगता सांगता माझा चहा गार होतो. म्हणून एकदाच सगळं कागदावर उतरवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं. माझं अक्षर सुताच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून घडलेलं आहे, तेव्हा मात्रा-वेलांटीला हसू नये.

जायचं कारण नाग नव्हे, सुमी. सुमी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आम्हा विणकरांत बायका सुताच्या कांड्या भरतात, ताणा लावतात. मागावर बसतो तो पुरुष. भावाची कंबर गेली तेव्हा मागावरचं अर्धं लुगडं पुरं करायला म्हणून सुमी बसली, आणि बसली ती उठेना. करवतकाठी विणते. टसरचं अंग आणि काठाला करवतीसारखे दात. हात असा की बापापेक्षा बारीक. मग स्थळं यायला लागली, आणि प्रत्येक वेळी हिचा एकच प्रश्न, "माग ठेवू देतीन का?" पहिले लोक हसले, दुसरे उठून गेले.

आता आमच्या मागाचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा खड्ड्याचा माग. जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो आणि खालच्या पट्ट्या पायांनी दाबतो. लाकडी माग सुटा करून टेम्पोत घालता येतो. खड्डा नेता येत नाही. म्हणजे ज्या घरी सुमी जाईल त्या घरच्यांनी आपली जमीन खणायला हवी.

हे तिसरं स्थळ नागपूरचं होतं. आपल्याच समाजाचे, पण माग सोडलेले. मुलगा कचेरीत कारकून, बाप वारलेला, आई आणि तो असे दोघंच, आणि प्रताप नगरला नवीन घर बांधणं चाललेलं. नवीन घर म्हणजे फरशी आलीच. निघताना भावानं मला बाजूला घेतलं.

"ताई, मागाची गोष्ट काढू नको. एकदा अक्षता पडल्या का मंग पाहू."

मी बरं म्हटलं. स्टेशनवर सुमी म्हणाली, "आत्या, खड्ड्याचं तू सांग. तू नाही सांगितलं तर मी सांगन."

तिलाही मी बरं म्हटलं. असा दोन्हीकडचा होकार पदरात बांधून मी छोट्या रुळांच्या गाडीत बसले.

इतवारी

इतवारीत माझी मावसबहीण यमुना राहते. तिच्याकडे उतरलो. यमुनेचं घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि खाली रस्ता असा की भांडण कुठलं आणि भाजीवाला कुठला हे कळायला कान सरावावा लागतो. सकाळी पोहे आले, त्यावर चण्याची लाल तर्री. उमरेडात पोहे पाहुण्याला देतात. इथं लोक कामावर जाता जाता रस्त्यावर उभ्यानं खातात आणि तिखटानं नाक पुसत सायकलवर टांग टाकतात. सुमीनं दोनदा तर्री मागून घेतली. तिची भूक पाहून मला जरा धीर आला.

मी यमुनेला विचारलं, मुलगी पाहायला घरी न येता बागेत काहून बोलावतात?

"आता असंच असते वं," यमुना म्हणाली. "घरी बोलावलं का पोहे करा, चहा करा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या माना खिडकीतून आत. अन् नाही पसंत पडली तर महिनाभर सगळ्याईले उत्तरं द्या. बगीच्यात कसं, पसंत नाही पडली तर दोघंही हवा खाऊन आपापल्या घरी."

मला हे पटलं. आमच्याकडे नकार आला की रिकाम्या बशा घासताना तो पुन्हा पुन्हा आठवतो. इथं बशाच नाहीत.

ओळख करून द्यायचं काम यमुनेच्या नवऱ्याकडे, म्हणजे आमच्या भाऊजींकडे होतं. त्यांनीच स्थळ आणलेलं. ते म्हणाले, "नागाच्या पुतळ्यापाशी भेटायचं ठरलं. मुलाची माय शांताबाई. तुम्ही उमरेडच्या म्हणून मुद्दाम करवतकाठी नेसून येतो म्हणाली."

हे ऐकून माझी कळी खुलली. ज्या बाईच्या पेटीत करवतकाठी आहे, तिच्याशी बोलायला काही अवघड नाही.

इकडे यमुना सुमीच्या मागे लागली होती. "माझं नायलॉन नेस. पाण्यासारखं अंगावर बसते. गोरी दिसशीन."

"नायलॉनात मी दिसन का नायलॉन दिसन?" सुमी म्हणाली. "मी विणलं तेच नेसते. पाहायचं असन तर हात पाहू दे त्याईले."

"घे! ही का लग्नाले चालली का प्रदर्शनाले?" यमुना म्हणाली, आणि आपलं नायलॉन आपणच घडी करून ठेवलं.

तलावावर

दुपार उतरल्यावर मी आणि सुमी सायकल रिक्षात आणि भाऊजी मागून सायकलवर असे निघालो. अर्ध्या वाटेत त्यांच्या चाकातली हवा गेली. त्यांनी लांबूनच हात हलवून पुढे व्हा म्हणून सांगितलं. आम्ही पुढे झालो. त्या हवेनं पुढचं सगळं घडवलं, पण तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक!

बगीच्याच्या दाराशी बोरं, हिरवा हरभरा आणि संत्र्यांचे ढीग होते. माघातली संत्री, हातात घेतली तर साल आपणच सुटायला पाहते. आत गेलं की सरळ फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंना गवत, गवतावर चालू नये अशी पाटी आणि पाटीच्या सावलीत गवतावर बसून डबा खाणारं एक अख्खं कुटुंब. झाडांना नावांच्या पाट्या लावल्या होत्या. कडुनिंबाला सुद्धा. नागपुरात कडुनिंब न ओळखणारा माणूस कोण असेल म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, पण कोणी पाटी वाचत नव्हतं.

मग तलाव. आमच्या उमरेडच्या तलावाला दिवसभर उसंत नसते. धुणं आहे, म्हशी आहेत, पोरांच्या उड्या आहेत. इथं पाण्याला काही कामच नव्हतं. काठाला दगडी कट्टा, कट्ट्यावर माणसं, आणि ती सगळी पाण्याकडे पाहत होती. एका बाजूनं पाहून झालं की उठून दुसऱ्या बाजूनं पाहत होती. याला हवा खाणं म्हणतात. वाईट वाटलं नाही मला. मीही थोडा वेळ पाहिलं. संध्याकाळचा वारा येत होता आणि तलाव ओल्या हातानं सारख्या करून ताणून ठेवलेल्या टसरसारखा दिसत होता.

नाग या कट्ट्याच्या टोकाला, पाण्यात पुढे काढलेल्या चौथऱ्यावर आहे. पाच फण्यांचा. रंग काळसर हिरवा. उंची आपल्या मारुतीच्या देवळाच्या शिखरापेक्षा कमी, हे गंगूबाईंनी लक्षात घ्यावं. पाचही तोंडांतून तलावात पाण्याच्या धारा पडायच्या अशी करणाऱ्याची योजना. आम्ही गेलो तेव्हा तीन पडत होत्या. शहराचं नाव नागपूर, नदी नाग, म्हणून हा नाग. पण एक गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती. त्याचं तोंड तलावाकडे आहे. बगीच्यात येणाऱ्या माणसाला त्याची पाठच दिसते. चेहरा पाहायचा तर नावेत बसून पुढून जावं लागतं. नाववाल्याचा धंदा त्यावर छान चालला होता.

शेपटीवर आणि खालच्या वेटोळ्यावर हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती. तिथं एक चौकीदार ओल्या फडक्यानं ती पुसत होता.

"कोणी लावलं गा हे?" मी विचारलं.

"तुमच्यासारख्याच बाया लावतात. मी पुसतो. हुकूम आहे. बाई, हा देव नाही, नागपूरची निशाणी आहे."

"मंग चप्पल काढून काहून चढला चौथऱ्यावर?"

त्यानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "निशाणी असली तरी नागच आहे न," तो म्हणाला. "कुंकू लावा म्हणतो मी. फक्त दूध नका ओतू. मुंग्या होतात."

सुमीनं एक बोट कुंकू लावलं.

नागाच्या वेटोळ्याभोवती गोल दगडी बाक आहे. त्यावर बरीच मंडळी बसली होती. मी करवतकाठी शोधायला लागले. खरं सांगते, मी चेहरे पाहिलेच नाहीत. लग्नघरात, बाजारात, गाडीत, कुठंही गेले तरी माझी नजर आधी काठावर जाते, मग पदरावर, आणि वेळ उरला तर माणसावर. पहिली बाई फुलाफुलांच्या नायलॉनमधली, शेजारी चष्मा लावलेला एक तरुण. नजर पुढे सरकली. आणि त्यांच्या लगत, हातभर अंतरावर, टसरचं अंग, किरमिजी काठ, करवतीचे दात.

नुसती करवतकाठी नव्हे. आमच्या घरच्या मागाची एक खोड आहे. डाव्या काठाचे दात किंचित पुढे कललेले येतात, चालत्या माणसाच्या पावलांसारखे. आजोबांपासून कोणालाच ते सरळ करता आले नाहीत. या बाईच्या काठाचे दात कललेले होते. लुगडं आमच्या घरचं! आता यापरता देवाचा कौल कोणता? मी सरळ गेले, रामराम केला, तिचा पदर हातात घेतला आणि उलटा करून पाहिला.

"काय पाहून राहिल्या?" तिनं विचारलं.

"उलटी बाजू."

"कशी आहे मंग?"

"सुलटीसारखीच. आमच्या घरचं विणलेलं आहे हे."

"अवं मायबाई! बाजारातून आणलं होतं माझ्या माणसानं. बसा न, बसा." तिनं सरकून जागा दिली.

मी बसले, सुमीला बसवलं, चिवड्याचा डबा उघडला. बाईच्या पलीकडे अंगानं मजबूत असा एक तरुण होता. त्याच्याकडे मी मान हलवली, त्यानंही हलवली. बाईचा चेहरा असा मोकळा की माझी जीभ सुटली. माझ्या भावानं काय बजावलं होतं ते मला आठवत होतं. पण आमच्याच मागाचं लुगडं नेसून जी बाई समोर बसली आहे, तिच्यापासून माग कसा लपवायचा? मी म्हटलं, आधीच सांगून टाकते.

"पोरगी स्वयंपाकात बरी आहे, फार बरी नाही. रागावली तर जेवत नाही, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवते. कामाले कंटाळत नाही. एकच गोष्ट आहे. मागाशिवाय ती राहत नाही. तुमच्या घरात खड्डा खणू द्यावा लागन. माझा भाऊ म्हणाला सांगू नको. पण लग्न लावून मंग खड्डा काढायचा, हे मले बरं दिसत नाही."

"मंग खणा न खड्डा," ती बाई म्हणाली. "कोणाचं काय जाते?"

मी सुमीकडे पाहिलं. सुमी नागाच्या शेपटीकडे पाहत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

"तुमची नवी फरशी," मी म्हटलं.

"आमच्या घरी कायची फरशी? शेणानं सारवलेली जमीन आहे. पाहिजे तेवढे खड्डे खणा."

इथं मला थांबायला हवं होतं. प्रताप नगरच्या नव्या घरात सारवलेली जमीन कशी, हे मनात आलं सुद्धा. पण मी तोवर त्या तरुणाकडे वळले होते. "कचेरीत मन लागते का गा?"

"कोणत्या कचेरीत?" तो म्हणाला. "मी खदानीत आहे. कन्हानले."

"बरं, खदानीत तर खदानीत. आता पोरीले नीट पाहून घे, लाजू नको."

तो बाकाच्या अगदी टोकाला सरकला. "मावशी, माझं लग्न होऊन गेलं. ती पाहा माझी बायको, तिकडं पोरीले झोपाळ्यावर बसवून राहिली."

तीन तोंडांतून पाणी पडत होतं तेवढाच आवाज. मग माझ्या पाठीमागून, हातभर अंतरावरून, फुलाफुलांच्या नायलॉनमधून आवाज आला.

"रमेशची माय मी आहे."

मी वळले. शांताबाई हातात रुमाल धरून बसल्या होत्या. बाजूला चष्म्याचा रमेश, मान खाली. हसू आवरत होता की घाबरला होता, ते चष्म्यामुळे कळलं नाही.

"करवतकाठी नेसणार होतो," शांताबाई म्हणाल्या. "पेटीतून काढलं, तर घडीवर चिरलेलं. किती वर्षं उघडलंच नव्हतं."

मी कन्हानच्या बाईला म्हटलं, "अवं, मी एवढं बोलून राहिली, तुम्ही मधात एक शब्द काहून नाही टाकला?"

"तुम्ही इतक्या मायेनं सांगून राहिल्या," ती म्हणाली, "मी काहून तोडू? मले वाटलं, कोणाले तरी सांगायचं असन बिचारीले." आणि तिनं चिवड्याची मूठ भरली.

शांताबाई मात्र हसल्या नाहीत. "सगळं ऐकलं मी. खड्डा पाहिजे म्हणता."

"हो," मी म्हटलं. आता नाही म्हणायला जागाच नव्हती.

"माझ्या माणसाचे पाय त्या खड्ड्यात गेले, बाई. ओल चढे खालून. आधी गुडघे धरले, मंग पोटऱ्या. शेवटी शेवटी मी अन् रमेश दोघं बगलेत हात घालून त्याईले वर काढत होतो. ते गेल्यावर मी तो खड्डा आपल्या हातानं बुजवला. टोपल्यानं माती आणून. अन् आता नव्या घरात पुन्हा खणू?"

माझ्या भावाची कंबर मला दिसत होती. मी डब्याचं झाकण लावलं. गोष्ट संपली असंच मला वाटलं, आणि मनात हेही आलं की चला, निदान बशा घासायच्या नाहीत.

तेवढ्यात सुमी बोलली. "काकू, माझ्या बाबाची कंबर बी त्यानंच गेली. मले माहीत आहे."

"तरी बसते?"

"तरी बसतो."

"काहून?"

सुमीनं विचार केला. खोटं बोलायला वेळ लागतो तसा नव्हे, शब्द शोधायला लागतो तसा. "दुसरं काही केलं तर हात उगाच राहतात," ती म्हणाली.

शांताबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. सुमीनं हात लपवले नाहीत. बोटांना आडवं सूत नेणाऱ्या धोट्याचे घट्टे आहेत, नखं कापलेली. सुंदर म्हणावे असे हात नव्हेत.

रमेशनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "समोरून नागाचं तोंड दिसते म्हणतात," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हतं. "नावेतून."

आता बगीच्यात भेटणं एक आणि लग्नाआधी पोरीला नावेत बसवणं दुसरं. मी आणि शांताबाई, आत्ताच भांडता भांडता राहिलेल्या, या गोष्टीवर मात्र एकाच वेळी नको म्हणालो. तोड कन्हानच्या बाईनं काढली. "माझा पोरगा, सून अन् नात बी जातीन न सोबत. मंग एकटे कुठी राहिले?" आणि तिनं सगळ्यांना हाका मारल्या सुद्धा.

अशी ती नाव गेली. आम्ही तिघी बाकावर, डबा पुन्हा उघडलेला. नाव नागाच्या पुढे गेल्यावर दिसेनाशी झाली. शांताबाई चिवडा खाईनात. कन्हानची बाई त्यांना म्हणाली, "पोरगी हवी का नको ते तुम्ही पाहा, बाई. पण हे लोक लपवून तं काही राहिले नाहीत."

"लपवायचंच होतं त्याईले," शांताबाई म्हणाल्या. "लुगडं पाहून चूक झाली."

"हो," मी म्हटलं. "लुगडं पाहूनच खरं बोलली मी."

त्यावर शांताबाईंनी चार दाणे उचलून तोंडात टाकले. याचा अर्थ काय तो मी लावला नाही.

भाऊजी सायकल ढकलत घामाघूम होऊन आले तेव्हा आम्ही तिघी संत्री सोलत होतो. "झाली का ओळख?" त्यांनी विचारलं.

"झाली," शांताबाई म्हणाल्या. "सगळी झाली."

नाव परत आली. उतरताना रमेशनं हात पुढे केला आणि मागे घेतला. सुमी आपली आपण उतरली. निघताना शांताबाई मला म्हणाल्या, "मी नाही म्हणून राहिली नाही. हो बी म्हणत नाही. उद्या घर पाहून जा. आम्हाले बी काही लपवायचं नाही."

रिक्षात मी सुमीला विचारलं, काय बोलला वं तो?

"नागाची दोन तोंडं बंद आहेत न, त्यात चिमण्यांनी घरटी केली," सुमी म्हणाली. "पाण्याच्या नळीत. ते म्हणाले, कचेरीत त्याईनं अर्ज दिला आहे का घरटी काढू नका म्हणून."

"अन्?"

"अन् काही नाही. मी म्हटलं बरं केलं."

घरी यमुनेनं सावजी मटण रांधलं होतं. आमच्या लोकांचा हा रस्सा खाऊन बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी यमुनेच्या आलं, पण ते हसून. करवतकाठीची गोष्ट तिनं माझ्याकडून चार वेळा सांगवून घेतली. "पदर उलटा करून पाहिला! वं माय, पदर उलटा करून!" सुमी जेवली, पण मला तिची भूक सकाळची वाटली नाही.

प्रताप नगर

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आम्हाला प्रताप नगरला पोचवलं. मोकळ्या मैदानावर दूर दूर घरं उभी राहत होती. प्रत्येक घराभोवती रेती, विटा आणि एक बांधलेलं कुत्रं. रस्ते आखलेले, झालेले नाहीत. पेठेत आपण एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, शेजारच्या मागाचा ठोका ऐकून आपला ठोका धरतो. इथं हाक मारली तर वाऱ्यावर जाईल. इथं माग ठोकला तर कोणाला ऐकू जाणार, असंही मनात आलं. पण मी गप्प राहिले. आदल्या दिवसाचं बोलणं महिनाभर पुरण्याइतकं झालं होतं.

शांताबाईंनी आज नायलॉन नेसलं नव्हतं. साधं सुती लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चहा दिला, त्याबरोबर संत्रा बर्फी. मग घर दाखवलं. पुढची खोली, तिची फरशी काळी, गुळगुळीत, नुकती पुसलेली. "यावर," त्या सुमीला म्हणाल्या, "खड्डा करशीन का?"

"नाही," सुमी म्हणाली. "इथं नाही करवत."

स्वयंपाकघर. तिथंही फरशी. मग मागची खोली. तिथं अजून जमीन होती; रेती पसरलेली, फरशी यायची होती. एक दरवाजा अंगणात उघडत होता. भिंतींना गिलावा नव्हता. सुमी त्या अंगणाच्या दाराजवळ जाऊन उभी राहिली. रमेश आतल्या दाराशी होता.

"ही फरशी गुरुवारी येते," शांताबाई म्हणाल्या.

"माय, नको म्हणून सांगता येईन," रमेश हळूच म्हणाला.

"तू गप्प बस." मग त्या सुमीकडे वळल्या, आणि एकदम रागानंच बोलायला लागल्या. "तिकडं काहून उभी राहिली, दाराजवळ? दाराजवळ कोणी खड्डा करते का? पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत येते, तेच मुरते. आमचा बी दाराजवळच होता. ह्याच्या बापानं ऐकलं नाही. इकडे, या कोपऱ्यात असता तर पाय गेले नसते. विटांनी बांधून घ्यावा लागते आतून. नुसत्या मातीचा कोणी ठेवते का?"

सुमी दारापासून हलली आणि त्यांनी दाखवलेल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"अन् दुपारी मी झोपतो," शांताबाई म्हणाल्या. "तेव्हा ठोकठोक चालणार नाही."

"नाही ठोकत दुपारी," सुमी म्हणाली. मग तिनं चारही भिंतींकडे पाहिलं. "इथं उजेड कुठून येते?"

रमेशनं चष्मा पुसला. कोपऱ्यालगतची भिंत कोरी होती. "खिडकी काढायची राहिली," तो म्हणाला. "कुठी पाहिजे?"

तो सुमीला विचारत होता. तिनं भिंतीवर तळवा ठेवला. रमेशनं विटेचा तुकडा उचलून आपल्या छातीच्या उंचीवर, तिच्या हाताशेजारी तांबडी रेघ ओढली.

"खाली घे गा ती," शांताबाई म्हणाल्या. "मागावर बसणारा माणूस जमिनीवर बसते."